उन्हाळ्यात बसवलेले पापुद्रे

आमच्या प्रयोगशाळेचं वेळापत्रक गाई ठरवायच्या. थट्टा करत नाही. नगरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही) आणि तिथेच लेझरची एक छोटी प्रयोगशाळा चालवली. आमच्या प्रयोगांना द्रवरूप नायट्रोजन लागायचा. म्हणजे हवेतलाच नायट्रोजन, पण इतका थंड केलेला की पाण्यासारखा ओतता येतो. मोठ्या शहरांतल्या संस्थांना तो मागितला की मिळतो. आम्हाला भानुदासराव आणून द्यायचे. त्यांचा टेम्पो जिल्हाभर कृत्रिम रेतनाच्या केंद्रांना नायट्रोजन पुरवत फिरायचा, कारण वळूच्या सिमेनच्या कांड्या त्यातच जपून ठेवतात. सगळी केंद्रं झाली आणि टाकीत काही उरलं तर आमची पाळी यायची.

"आज न्हाई जमायचं मॅडम," ते दारातूनच सांगायचे. "गाई लई माजावर आल्यात."

"अहो, माझी विद्यार्थिनी कधीपासून थांबलीय."

"एक डाव गाय हुकली की शेतकऱ्याचे तीन आठवडे गेले. तुमचा पापुद्रा कुठं पळून चाललाय?"

मी पाय आपटत आत यायचे आणि समोर जो दिसेल त्याच्यावर चिडायचे. माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. त्यामुळे जे टिकले ते चांगलेच निघाले.

आता हा पापुद्रा काय, ते सांगायला हवं. मॉलिब्डेनम डायसेलेनाइड नावाचा एक काळपट, चमकदार स्फटिक असतो. तो अर्धवाहक, म्हणजे मोबाईलच्या चिपमधल्या सिलिकॉनच्या जातकुळीतला. अभ्रकासारखे त्याचे थर सुटतात. साधी चिकटपट्टी त्यावर दाबायची, उचलायची, दुमडून पुन्हा उचलायची, असं करत गेलं की शेवटी एकच थर उरतो. त्याहून पातळ त्याचं काही होऊच शकत नाही. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट डागासारखा दिसतो, आणि तोही सरावलेल्या डोळ्यांना.

या पापुद्र्यावर आम्ही लेझरचा प्रकाश टाकायचो. आमचा लेझर इंटरनेटच्या केबलमधून जातो त्या जातीच्या अदृश्य प्रकाशाचा होता. पापुद्र्यात शिरलेल्या त्या प्रकाशातला अगदी थोडासा भाग दुप्पट कंपनाचा होऊन बाहेर येतो. खालचा सा दिला आणि वरचा सा ऐकू आला, असं समजा. साध्या काचेवर दुप्पट प्रकाश टाकला तर पलीकडे दुप्पट मिळतो. इथे दुप्पट टाकला तर वरच्या सुराचा प्रकाश चौपट होतो. या बेहिशेबी वागण्याला आम्ही अरेखीय म्हणतो, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली.

यात तापमानाचा काय संबंध? तर प्रत्येक पापुद्र्याचा एक आवडता रंग असतो. बाहेर येणारा प्रकाश त्या रंगाशी जुळला की तो एकदम जोरात येतो. पापुद्रा थंड करत गेलं की त्याचा आवडता रंग निळ्याच्या बाजूला सरकतो. लेझरचा रंग आम्हाला बदलता येत नव्हता, तसा लेझर आमच्या ऐपतीबाहेरचा. मग आम्ही पापुद्राच थंड करत न्यायचो आणि कोणत्या तापमानाला जुळतंय ते बघायचो. पेटीचा सूर बदलता येत नाही म्हणून तबला लावून घेतात, तसंच. थंड करताना प्रकाश वाढत जातो, शिखर गाठतो आणि पुन्हा कमी होतो. ते शिखर नेमकं किती तापमानाला येतं, हा आमचा प्रश्न होता.

याचा उपयोग काय, हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की एकदा मी दारावर पाटी लावणार होते. जामखेडहून एक डाळिंबवाले गृहस्थ आले होते. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की मॅडमकडे भारी लेझर आहे.

"पोपटांनी वाट लावली हो बागंची. तेवढा एक दिवस द्या तुमचा लेझर."

"काका, आमचा लेझर डोळ्यांना दिसतच नाही."

"मला न्हाई दिसला तरी चालंल. पोपटाला दिसाया पायजे."

"पोपटालाही दिसत नाही. आंधळा मात्र होईल."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग नगं," म्हणाले. "आंधळा पोपट माज्याच बागंत बसून ऱ्हाईल." चहा घेऊन गेले. दुसऱ्या हंगामात डाळिंबांची पिशवी पाठवली, आणि मी त्यांच्यासाठी काय केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते नाझनीनबद्दल. नाझनीन नेवाशाची. वडील टेम्पोचं गॅरेज चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची. पीएचडीला माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला चिकटपट्टी आणि स्फटिक देऊन बसवलं. संध्याकाळपर्यंत एकही चांगला पापुद्रा निघाला नाही. मी विचारलं, "उद्या येणार आहेस का?" ती म्हणाली, "मॅडम, पट्टी दुसऱ्या कंपनीची आणू का? हिचा गोंद मागे राहतोय." मला ती आवडली. मी तसं अर्थातच सांगितलं नाही.

तिचं काम पापुद्रे स्वच्छ प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसवायचं होतं. पुढेमागे वाकणारी, गुंडाळता येणारी उपकरणं अशा प्लॅस्टिकवर होणार, म्हणून तो विषय घेतला होता. पापुद्रा उचलून प्लॅस्टिकवर बसवणं हे फार नाजूक काम. जरा हादरा बसला की तो फाटतो किंवा सुरकुततो. आमची इमारत जुनी. शेजारच्या हॉलमध्ये पोरांची प्रॅक्टिकल्स चालू असली की सूक्ष्मदर्शकातलं चित्र थरथरायचं. पापुद्रे बसवायची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. तिथे एसी होता, पण तो चालू केला की टेबलच हलायचं.

म्हणून आम्ही आमची एक पद्धत बसवली होती. परीक्षा संपून कॉलेज रिकामं झालं की मे महिन्यात वर्षभराचे पापुद्रे बसवून ठेवायचे. एसी बंद, पंखा बंद, दार बंद. बायका उन्हाळ्यात पापड-कुरडया करून डबे भरतात तसे आम्ही पापुद्र्यांचे डबे भरायचो, ओल लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून. मग पावसाळा-हिवाळाभर, भानुदासरावांच्या गाई सवड देतील तसं, एकेक काढून मोजायचा. या पद्धतीचा मला अभिमान होता. बाहेरून कोणी आलं की मी ती कौतुकाने सांगायचे.

तीन वर्षं नाझनीनने असं काम केलं. आलेख सुंदर आले. शिखर प्रत्येक वेळी जवळपास त्याच तापमानाला.

मग प्रगती पाहायला बाहेरच्या एका मोठ्या संस्थेतले सर आले. माणूस सभ्य. त्यांच्याकडेही एक विद्यार्थी नेमकं हेच करत होता. स्फटिक एकाच ठिकाणाहून आलेला, प्लॅस्टिकही तेच. त्यांनी आलेख पाहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आमचं शिखर यापेक्षा बऱ्याच थंड तापमानाला येतं. तुमचा तापमापक तपासून घ्या."

बोलणं सौम्य होतं, पण अर्थ सरळ होता. तापमापक चुकत असेल तर तिचा प्रत्येक आलेख चुकीचा. विषयच तापमानाचा. तेच खोटं ठरलं तर प्रबंधात उरतं काय? नाझनीनची शिष्यवृत्ती संपत आली होती. घरी तिने हे शेवटचं वर्ष म्हणून सांगितलं होतं.

आम्ही तापमापक काढला. उकळत्या नायट्रोजनमध्ये बुडवला, वितळत्या बर्फात बुडवला. दोन्हीकडे बरोबर. मी म्हटलं, मग पापुद्राच नीट गार होत नसणार. प्लॅस्टिकमधून थंडी वर पोहोचत नसेल.

"तसं असतं तर शिखर उलट्या बाजूला सरकलं असतं मॅडम," नाझनीन म्हणाली. "पापुद्रा गरम राहिला असता तर आपल्याला तापमापक आणखी खाली न्यावा लागला असता. आपलं तर वरच येतंय."

खरं होतं. मी चहा मागवला.

डब्यातले पापुद्रे तोवर संपले होते. पुन्हा मोजायचं तर नवा बसवायला हवा होता, आणि मेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. जानेवारीत संक्रांतीची सुट्टी साधून तिने वरच्या खोलीत एक नवा पापुद्रा बसवला. आम्ही तो यंत्रात ठेवला आणि थंड करत नेला. जिथे शिखर यायचं ते तापमान मागे पडलं. प्रकाश वाढतच होता. शिखर आलं ते नेमकं त्या सरांनी सांगितलेल्या ठिकाणी.

मी फार बोलले त्या दिवशी. "तीन वर्षं पाण्यात," असंही म्हणाले. तिच्यावर नव्हे, परिस्थितीवर चिडले होते, पण समोर तीच होती. तिने यंत्र बंद केलं, झाकण घातलं आणि नेवाशाची एसटी पकडायला गेली. पुढचे काही दिवस आली नाही. मला वाटलं, गेली ही.

ती आली ती सकाळीच, आणि मला न विचारता सरळ वरच्या खोलीत गेली. मी मागोमाग चढले. ती खोलीच्या मधोमध उभी होती.

"मॅडम, यंत्र तेच. तापमापक तोच. स्फटिक तोच, प्लॅस्टिक तेच, हात माझेच. मग बदललं काय?"

"तूच सांग."

"मे महिन्यात मी इथे काम करायचे तेव्हा घाम पापुद्र्यावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचे. या वेळी मी स्वेटर घालून बसले होते."

मी म्हणणार होते, मग काय झालं? पण तोंडातून शब्द निघायच्या आत माझ्या लक्षात आलं, आणि मी तिथल्या स्टुलावर बसले.

प्लॅस्टिक थंड झालं की आक्रसतं, पापुद्र्यापेक्षा कितीतरी जास्त. वर चिकटलेल्या पापुद्र्याला ते चहूबाजूंनी दाबतं, आणि दाबलेल्या पापुद्र्याचा आवडता रंग आणखी निळ्याकडे सरकतो. ज्या तापमानाला पापुद्रा बसवला, तिथे तो मोकळा, सैल असतो. तिथून खाली जाऊ तसा दाब वाढत जातो. पत्र्याखाली, नगरच्या मे महिन्यात, बंद खोलीत बसवलेला पापुद्रा त्या सरांच्या एसी प्रयोगशाळेत बसवलेल्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी आधीच दाबला जाणार. म्हणजे त्याचं शिखर आधीच येणार. तापमापक बरोबर होता. आलेखही बरोबर होते. सरांचंही बरोबर होतं. आम्ही फक्त पापुद्रा मोजताना किती गार आहे ते पाहत आलो होतो. तो बसवताना किती तापला होता, हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं? उन्हाळ्यात उकडतं, यात नगरच्या माणसाला नवीन काय?

पण नुसतं सुचून भागत नाही. दाखवावं लागतं. नाझनीनने घरून कॉइलचा हीटर आणला. खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले. भर जानेवारीत तिने त्या खोलीचा मे महिना केला, या वेळी टेबलावर तापमापक ठेवून, आणि कपाळाला रुमाल बांधून एक पापुद्रा बसवला. आता नायट्रोजन हवा होता. मी भानुदासरावांना फोन केला.

"गाई हायेत मॅडम."

"भानुदासराव, या पोरीचं सगळं शिक्षण अडकलंय यात."

पलीकडे टेम्पोचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "राजूरकडं निघालोय. घाटातली केंद्रं झाल्यावर माघारी येताना येतो. उरंल का न्हाई, ते आत्ताच नाय सांगत."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. टाकीच्या तळाशी होता तेवढा ओतून दिला आणि जायचं सोडून कोपऱ्यात उभे राहिले. एरवी ते कधी थांबत नसत. आम्ही थंड करायला सुरुवात केली. पडद्यावरची रेघ चढत गेली, चढत गेली आणि वळली. जुन्या जागी. मेच्या जागी.

नाझनीन खुर्चीत बसली, तिच्या शेजारी मी. भानुदासरावांनी विचारलं, "वाईट झालं का वं?"

"नाही. फार चांगलं झालं."

"मंग तुमी दोघी अशा का बसला?"

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी. मला वाटलंही तसंच. मी नाझनीनला म्हटलं, आता एक प्रकरण वाढव, हीटरचा प्रयोग घाल, तीन वर्षांचे आलेख त्यामागे लाव आणि दे प्रबंध. ती म्हणाली, "ते आलेख घालता येणार नाहीत."

"का? ते बरोबर आहेत, आत्ता आपणच पाहिलं."

"बरोबर असतील. पण बसवताना खोली किती तापली होती ते कुठे मोजलंय आपण?"

मी म्हटलं, मे महिन्यातलं नगरचं तापमान हवामान खात्याकडे मिळेल, त्यावरून अंदाज बांध. शास्त्रात अंदाज चालतो, तो अंदाज आहे असं लिहिलं की झालं. मी हे आजही म्हणेन. आमचं यावरून चांगलंच वाजलं.

"वर पत्रा होता मॅडम. बाहेरचं तापमान काय कामाचं? कधी सकाळी बसवलाय, कधी भर दुपारी. मी काहीतरी आकडा ठोकून द्यायचा, आणि विषय माझा तापमानाचा?"

"तीन वर्षं आहेत ती, नाझनीन."

"माझीच आहेत," ती म्हणाली.

मी सही करायला तयार होते, ती घ्यायला तयार नव्हती. उलट प्रकार मी अनेकदा पाहिला होता, हा पहिल्यांदा पाहिला. तिने सगळं पहिल्यापासून केलं. शिष्यवृत्ती संपली, तशी ती नेवाशाच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. सकाळचे तास घेऊन दुपारी नगरला यायची. थंडीत, पावसाळ्यात, उन्हाळ्यात, वेगवेगळ्या तापमानांना पापुद्रे बसवून एकेक मोजायची. प्रॅक्टिकल्सच्या हादऱ्यांनी फाटले तितके फाटले. शेवटी जे हाती आलं ते जुन्या कामाच्या निम्म्याहून कमी होतं. पण पापुद्रा बसवतानाचं तापमान सांगा, शिखर कुठे येईल ते ती आधीच सांगू शकत होती.

तोंडी परीक्षेला तेच सर आले. सभागृहात नाझनीनचे वडील मागच्या रांगेत, आई माझ्या शेजारी. नाझनीन नीट बोलली. सरांनी पुष्कळ विचारलं, ती एकाही प्रश्नाला अडली नाही. आमच्याकडेही करून पाहिलं, तसंच आलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग प्रबंध बंद करून त्यांनी विचारलं, "मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही दाखवलेले आलेख यात दिसत नाहीत. आता तर ते बरोबर होते असं ठरलं."

"हो सर. पण ते पापुद्रे बसवताना तापमान किती होतं, ते मला माहीत नाही. म्हणून काढून टाकले."

"सगळे?"

"सगळे."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "माझे आणखी प्रश्न नाहीत," म्हणाले. बाहेर गेले, आत आले, पदवी द्यावी असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसायच्याही भानगडीत पडले नाही. नाझनीन फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

तिच्या आईने माझा हात धरला. "पास झाली ना ओ मॅडम?"

"झाली ताई. डॉक्टर झाली."

"मंग रडती कशापायी?"

मी म्हटलं, "पहिली तीन वर्षं जे काम केलं होतं ना, ते तिनं काढून टाकलं. त्यातलं काहीच धरलं नाही."

आईचा चेहरा उतरला. "कोनी काढाया लावलं? त्या सायबांनी?"

"नाही. कोणीच नाही. मी तर ठेव म्हणत होते."

"आपल्याच हातानं काढलं?"

"हो."

मी उठून नाझनीनकडे जायला निघाले. आईने माझा हात सोडला नाही. मला परत खाली बसवलं, आणि लेकीच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मंग रडू द्या तिला जरा."